आधी कान दिसायचे

रावपुऱ्यात, दफ्तरखान्याच्या मागच्या खोलीत
सर्व्हर बारा वर्षं एकाच कुशीवर घोरतोय.
सहा डिस्का. एकीचा दिवा नारिंगी.
कंट्रोलरची बॅटरी फुगलीय, कढईतल्या पुरीसारखी.

साहेब म्हणाले, नव्याला मंजुरी नाही,
तेवढी फाइल सिस्टिम बदला, गुप्तेबाई. पळेल ना?
म्हटलं, म्हाताऱ्याला नवे बूट घालते.
पळायचं काही लिहून देत नाही.

जुनीला रोजकीर्द नव्हती.
दिवे गेले, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत
एकेक कागद मोजत बसायची.
नवी आधी कीर्दीत टिपते, मगच खतावणीला हात लावते.
दांडिया बाजारातल्या पेढ्या हेच करायच्या,
तेही कंदिलाखाली.

आणि जुनी भाबडी होती.
कुणी कागद नुसता उघडला, तरी उठून लिहायची:
पाहिला, अमुक वाजता.
वाचणाऱ्यामागे लिहिणं, पुन्हा लिहिणं,
त्यातच अर्धी दमलेली.

आता चाळीस हजार मोडी कागद बाहेर काढायचे,
घर मोकळं करायचं, आखायचं, परत भरायचे.
पण नक्कल करणं हेही पाहणंच.
एकदा सुरू केलं की सगळ्यांवर आजची तारीख पडणार,
म्हणून आधी यादी काढली,
कोणता कागद शेवटचा कधी पाहिला गेला.

स्कॅन केला तो दिवस.
स्कॅन केला तो दिवस.
स्कॅन केला तो दिवस.
नऊ वर्षं मागे, पानंच्या पानं, एकच उत्तर.

रुमाल दोनशे बारा, कागद सतरा:
काल रात्री, दोन चाळीस.

हात थंड पडले. कोण शिरलं?
पासवर्ड बदलायला घेतला,
तर तो कीबोर्डखालीच चिकटवलेला, वसुमतीबाईंच्या अक्षरात.

जशुभाई दारात चहा घेऊन उभे.
रात्रपाळीचा माणूस, मोडी नाही, मराठीही अर्धी.
म्हणाले, ते मी बघतो, बेन.
काढून टाकणार का मला?

उघडला. पागेतल्या मोतद्दाराचा रजेचा अर्ज,
मंजूर झाला की नाही, ते खालचं पान नाही.
समासात, शाईच्या एका ओढीत,
घोडा.
अर्ज लिहिणाऱ्यानं काढला, की वाट पाहताना कारकुनानं,
कुणास ठाऊक.

कीबोर्डखालची चिठ्ठी होती तिथेच ठेवली
आणि कामाला लागले.

तीन रात्री.
पट्टे चौसष्टच्या मापात जुळवले,
पुढचं आधीच वाचून ठेवायची सवय वाढवली,
डिस्कांच्या लिफ्टला सांगितलं, वाटेत रेंगाळू नकोस.
नारिंगी दिव्याची डिस्क सुरतेहून मागवली, सेकंडहँड.
बॅटरी काढली, मोरीपाशी ठेवली,
लिहिणं थोडं हळूच राहू दे.
एकतीसचा वेग एकशे चाळीस.

शेवटची ओळ टाकताना थांबले.
तिचा अर्थ एवढाच:
कोण बघून गेलं, ते लिहू नकोस.
वेग वाढतो म्हणून सगळेच टाकतात.
मी वेगासाठीच टाकली, असं रजिस्टरात लिहिलंय.

दोन चाळीसला जशुभाईंना खुर्ची दिली.
कागद सतरा. बोट उचलायच्या आत
घोडा पडद्यावर, अख्खा, शेपटीसकट.

बघा, म्हटलं.
ते बघत राहिले. चहावर साय धरली.

फास्ट छे, म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं,
पूर्वी आधी कान दिसायचे, बेन.
मग आयाळ.
अर्धा चहा होईपर्यंत पोट.
खूर यायला लागले की मी राउंडला उठायचो.

पंखा फिरत होता.
मी उगाच काही आकडे खालीवर केले.
उठायची वेळ झाली हे त्यांना आता कुणी सांगायचं,
ते कोणत्याच फाइलीत लिहिता येईना.